सड्यावरची पटनोंदणी

पावसला येणारे बहुतेक लोक स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीच्या दर्शनाला येतात. जमलं तर गणेशगुळ्याला किंवा पूर्णगडाच्या किल्ल्यावर जाऊन येतात, हंगाम असेल तर हापूसची पेटी गाडीत टाकतात आणि परततात. गाव त्यांना नीटनेटकं, खाऊनपिऊन सुखी दिसतं. गरिबी त्यांच्या वाटेत येत नाही, कारण तिची वाट वेगळी आहे. डांबरी रस्ता सोडून सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर, चढलं की चिरेखाणी लागतात. जांभा कापणाऱ्या यंत्रांचा कर्कश आवाज, लाल धुरळा आणि खाणीच्या कडेला पत्रे नि ताडपत्री लावून उभ्या केलेल्या झोपड्या. उलट दिशेला कलमांच्या बागांत शिरलं तर मांगरांत नेपाळी कुटुंबं राहताना दिसतात. इथे त्यांना सगळे सरसकट गुरखा म्हणतात. राखण, साफसफाई, फवारणी, आंबा उतरवणं ही त्यांची कामं.

या पंचक्रोशीतल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत माझ्या नोकरीचा बहुतेक काळ गेला. पहिली ते चौथीचे वर्ग, कधी एका खोलीत दोन, कधी चारही. निवृत्त होऊन आता काही वर्षं झाली. शिक्षणाने गरिबी हटते, हे वाक्य मी प्रशिक्षणांतून पुष्कळदा ऐकलं आणि पंधरा ऑगस्टच्या भाषणांत स्वतःही म्हटलं. ते कुठे खरं ठरतं आणि कुठे तोकडं पडतं, हे मला मुलांनी आणि त्यांच्या आईबापांनी दाखवलं.

मी नोकरीला लागले तेव्हा गिरणी संपाला काही वर्षं होऊन गेली होती. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला तो संप आमच्या वाड्यांत मनिऑर्डर थांबण्याच्या रूपाने येऊन बसला होता. चाकरमानी घरी परतले होते. भातशेती चार महिन्यांची, कलमं बहुतेक दुसऱ्याची. त्या घरांत मी एक फरक पाहिला आणि पुढे नोकरीभर तो ताडून पाहत राहिले. ज्या घरातला एखादा मुलगा दहावीपर्यंत पोचला होता, ते घर हळूहळू सावरलं. कोणी एसटीत लागला, कोणी टपालखात्यात. नव्वदनंतर कोकण रेल्वेचं काम सुरू झालं तेव्हा एकाला ठेकेदाराकडे मजुरांची हजेरी लिहायचं काम मिळालं. त्याच्या शेजारच्या घरात जमीन तेवढीच होती, माणसंही तेवढीच, पण चौथीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. ती माणसं त्याच कामावर खडी वाहत होती. त्यांची नावं शेजारचा मुलगा हजेरीत लिहीत होता.

त्याच सुमाराला वाडीतल्या एक आजी मधल्या सुट्टीत शाळेत आल्या. पदराखालून सातबाऱ्याचा कागद काढून म्हणाल्या, "बाई, एवढा वाचून दाखवा." मी वाचला. त्यांनी नीट ऐकून घेतला, घडी घातली आणि गेल्या. नंतर कळलं की तोच कागद त्यांनी आधी पोस्टमनकडून आणि माझ्या आधीच्या गुरुजींकडूनही वाचून घेतला होता. तिघांनी एकच सांगितलं तर ते खरं मानायचं, अशी त्यांची रीत होती. मी त्या वाडीत नवी होते, माझे कोणाशी लागेबांधे नव्हते, म्हणून माझ्या वाचण्याला त्यांच्या लेखी जास्त किंमत. स्वतःच्या जमिनीबद्दल खात्री करून घ्यायला त्या बाईला तीन माणसांच्या दारात जावं लागत होतं. वाचता न येणं म्हणजे प्रत्येक वेळी समोरच्याच्या चांगुलपणावर विसंबणं, हे मला त्या दिवशी कळलं. तोवर मी वाचन शिकवत होते ते पुस्तक पुरं करण्यासाठी. पुढे ते एवढ्यासाठी शिकवू लागले की माझ्या वर्गातल्या पोरीवर म्हातारपणी ही वेळ येऊ नये.

मुलांना शाळेत आणण्यासाठी सरकारने केलेल्या काही गोष्टी मी जवळून पाहिल्या आणि त्यांना नावं ठेवणं मला कधी जमलं नाही. १९९२ पासून मागास आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरांतल्या मुलींना हजेरीच्या प्रत्येक दिवसाला एक रुपया भत्ता मिळू लागला. त्या काळात त्या रुपयाला घरात मोल होतं. १९९५ मध्ये पोषण आहार सुरू झाला तेव्हा ऐंशी टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिन्याला तीन किलो तांदूळ मिळे. पिशवी घरी जाई आणि घरातल्या सगळ्यांत वाटली जाई. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर शाळेत शिजवलेलं अन्न मिळू लागलं आणि फरक वर्गात दिसला. सकाळी पेजही न घेता येणारं मूल दुपारी खिचडीनंतर फळ्याकडे बघायला लागलं. शिकवण्याच्या कितीतरी पद्धती मी प्रशिक्षणांत शिकले. खिचडीएवढा गुण त्यांतल्या एकीलाही आला नाही, असं मी मनापासून सांगते.

दोन हजार सालानंतर आमच्या वर्गांचं रूप पालटत गेलं. गावातली मुलं कमी झाली. कोणी मुंबईला, कोणी रत्नागिरीच्या इंग्रजी शाळेच्या गाडीने. पट घसरू लागला आणि त्याच वेळी सड्यावर मुलं वाढू लागली. चिरेखाणींवर विजापूर, बागलकोटकडची कुटुंबं येत. दिवाळीनंतर यायची आणि पाऊस तोंडावर आला की जायची. बागांतल्या नेपाळी कुटुंबांचंही साधारण तसंच. आमचं शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं, कर्नाटकातलं त्याच्या थोडंसं आधी. नेपाळात ते वैशाखात सुरू होतं, म्हणजे नेमकं इथे आंबा उतरवण्याची घाई असते तेव्हा. दोन गावांच्या दोन शाळांमध्ये मूल असं काही अडकतं की दोन्हीकडच्या हजेरीपटावर त्याचं नाव असतं आणि दोन्हीकडे त्याच्यापुढे गैरहजेरीची खूण.

पटनोंदणीसाठी आम्ही खाणीवर जायचो तेव्हा बाप दिवसभर यंत्रावर किंवा चिरे लावायला, आई माती-खपल्या उचलायला. झोपडीत आठ-नऊ वर्षांची मुलगी कडेवर तान्हं भावंड घेऊन उभी. शाळा फुकट आहे, पुस्तकं फुकट, गणवेश मिळेल, जेवण मिळेल, हे सगळं आम्ही सांगायचो. एका आईने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि हा बारका? ह्याला कोण बघणार?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. शाळा फुकट असली तरी त्या घराला ती फुकट पडत नव्हती. मुलगी शाळेत गेली की आईची दिवसाची मजुरी बुडत होती.

शाळेची किंमत कोणी मोजायची, हाच प्रश्न शंभरहून अधिक वर्षांपूर्वी कलकत्त्याच्या मोठ्या लोकांनी वेगळ्या तोंडाने विचारला होता. आमच्याच जिल्ह्यात, गुहागर तालुक्यातल्या कोतळूकला जन्मलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १६ मार्च १९११ ला केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्याचं विधेयक मांडलं. मागणी अगदी माफक होती. सहा ते दहा वर्षांचे मुलगे, आणि तेही जिथे शाळेत जाणाऱ्यांचं प्रमाण आधीच बरं आहे अशाच भागांत. पुढच्या वर्षी मार्चमध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी ते पडलं. सरकारला खर्चाचं ओझं वाटलं आणि विरोध करणाऱ्यांत जमीनदारही होते. शिक्षण हक्काचा कायदा अमलात यायला १ एप्रिल २०१० उजाडला. मधल्या अठ्ठ्याण्णव वर्षांत किती मुलं कडेवर भावंडं घेऊन झोपडीत उभी राहिली असतील, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

त्या आईच्या प्रश्नाचं उत्तर शेवटी शेजारच्या अंगणवाडीत सापडलं. सेविका म्हणाली, "आणू दे त्याला, मी बघते. पण दुपारनंतर माझी अंगणवाडी बंद होते." दुपारनंतर तो छोटा आमच्या वर्गात, बहिणीच्या शेजारी गोणपाटावर झोपायचा. रडला तर ती त्याला घेऊन व्हरांड्यात उभी राहून तिथूनच पाढे म्हणायची. त्या हंगामात ती मुलगी मराठी अक्षरं जोडून वाचू लागली. ती बघून खाणीवरच्या आणखी तीन-चार घरांतून मुली आल्या, बहुतेक एकेक भावंड घेऊन. वर्गात गोंगाट वाढला. वर्गाच्या शिस्तीबद्दल काही जण बोलले, पण मी ते मनावर घेतलं नाही.

या मुलांना शिकवताना पहिला गैरसमज होतो तो त्यांना काहीच येत नाही असा. मराठी येत नाही म्हणून दहा वर्षांच्या मुलाला पहिलीत बसवायची पद्धत होती. कायदा म्हणतो वयानुसार वर्ग द्या आणि मागे पडलेलं वेगळं शिकवून भरून काढा, आणि ते योग्य आहे. खाणीवरचा एक मुलगा आला तो गप्प बसून असायचा. फळ्यावर तीन अंकी गुणाकार लिहिला तेव्हा उठला, खडू घेतला आणि मोकळा झाला. कन्नड तिसरीचं पुस्तक तो अस्खलित वाचायचा. गणित आमची पहिली बोली झाली. नेपाळी मुलांचं आणखी वेगळं. त्यांची लिपी देवनागरी, त्यामुळे ज्यांनी गावाकडे एक इयत्ता जरी केली होती, ती मुलं मराठी पुस्तक पहिल्याच आठवड्यात अर्थ न कळता वाचून दाखवायची. अडायची ती फक्त ळ पाशी, कारण नेपाळीत ते अक्षर नाही. कन्नड मुलांना ळ चा उच्चार सहज यायचा, पण अक्षर ओळखता यायचं नाही. मी त्यांच्या जोड्या लावल्या. एक अक्षर दाखवायचा, दुसरा बोलून दाखवायचा. गावातल्या मुलांना अर्थ सांगायचं काम दिलं. अशा वर्गात कोणीच अगदी शेवटचा राहत नाही.

मुंबईच्या प्रथम संस्थेने मुलांना वयापेक्षा येतं त्या पातळीनुसार बसवून शिकवण्याचे प्रयोग केले. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी ते मोजून तपासले. त्यांना २०१९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं तेव्हा वर्तमानपत्रात हे वाचून मला फार आनंद झाला. एकशिक्षकी नि दोनशिक्षकी शाळांतल्या शिक्षकांना गरजेपोटी हे करावंच लागतं. त्याला शास्त्राचा आधार आहे, हे कळणं मोठं होतं. कारण दाखल होणं आणि शिकणं यांत अंतर आहे. प्रथमच्याच असर अहवालांत वर्षानुवर्षं दिसतं की देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या जवळजवळ निम्म्या मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही. युनेस्कोने एक हिशेब मांडला आहे. गरीब देशांतली सगळी मुलं साधं वाचता येण्याइतकी शिकून बाहेर पडली, तर सतरा कोटी दहा लाख माणसं दारिद्र्यातून वर येतील. त्यात शाळेत नाव घालण्याची अट नाही, वाचता येण्याची आहे. हा आकडा मी सहकाऱ्यांना नेहमी सांगायचे.

वाचण्याचा उपयोग पुढे कधीतरी नोकरी लागेल तेव्हा होईल, असं आपण धरून चालतो. गरिबाच्या घरात तो त्याच आठवड्यात होतो. चौथीतली एक मुलगी रोज संध्याकाळी बापाने किती चिरे काढले ते वहीच्या मागच्या पानावर लिहू लागली. मजुरी नगावर असते, हंगामाच्या सुरुवातीला उचल घेतलेली असते आणि हिशेब असतो मुकादमाच्या वहीत. हंगाम संपताना बाप तिला घेऊन हिशेबाला गेला. दोन वह्यांचा मेळ बसेना. मुकादमाने पुन्हा बेरीज केली आणि फरकाचे पैसे दिले. भांडण झालं नाही, आवाजही चढला नाही. मुकादम लबाड होता असंही मी म्हणणार नाही. पण दुसरी वही समोर असली की हिशेब पुन्हा करावासा वाटतो. पुढच्या वर्षी त्या खाणीवर आणखी दोन घरांत वह्या झाल्या.

दुसरा प्रसंग बागेतला. मोहोरावर तुडतुडे येतात म्हणून फवारण्या होतात. औषधाच्या डब्यावर तिरका चौकोन असतो आणि त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग: लाल सगळ्यांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. परिसर अभ्यासाच्या तासाला मी तो चौकोन फळ्यावर काढून रंगवला, प्रत्येक रंगाचा अर्थ मुलांकडून वहीत लिहून घेतला आणि रिकामा डबा पुन्हा वापरायचा नसतो हे सांगितलं. एक नेपाळी मुलगा दुसऱ्या दिवशी म्हणाला, "बाई, आमच्याकडे पाणी त्यातच असतं." त्याने घरी जाऊन बापाला डब्यावरचं वाचून दाखवलं होतं आणि डबे मांगराबाहेर गेले होते. बापाने तीन हंगाम तेच पाणी प्यायलं होतं. आजारपणाने कर्ज होतं, कर्जाने मूल कामाला लागतं, हे चक्र मी अनेक घरांत पाहिलं आहे. इथे ते एका घरापुरतं, एका ठिकाणी तुटलं.

तरी जे जमलं नाही तेही सांगितलं पाहिजे. भावाला कडेवर घेऊन पाढे म्हणणारी ती मुलगी चौथी झाली. पुढची शाळा सड्यापासून चार किलोमीटर, वाट निर्मनुष्य. पाचवीत तिचं नाव घातलं, ती काही आठवडे गेली आणि थांबली. दोन वर्षांनी गावाकडे तिचं लग्न झालं. कायद्याने ते व्हायला नको होतं. आमच्यापर्यंत बातमी आली तेव्हा होऊन गेलं होतं. चार इयत्तांनी तिला वाचायला दिलं, पण तिचं वय राखायला चार इयत्ता पुरल्या नाहीत. मुलीला गरिबीतून निघायचं तर निदान दहावीपर्यंतची वाट तिच्या पायांना झेपेल इतकी जवळ हवी. महाराष्ट्राच्या नियमांत पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असावी असं आहे. नियम अगदी बरोबर आहे. म्हणून कमी पटाच्या शाळा बंद करून मुलांना मोठ्या शाळेत न्यायची चर्चा निघते तेव्हा मला धास्ती वाटते. कोकणातल्या वाडीवरच्या शाळेचा पट वीसच्या आत येतो, हे खरं आहे. पण त्या वीसमधली काही मुलं सड्यावरची असतात आणि त्यांना दुसरी शाळा नसते. आमच्याच जिल्ह्यातल्या मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांना लहानपणी परीक्षेसाठी साताऱ्यापर्यंत पायी जावं लागलं आणि तिथे वयाने लहान दिसतो म्हणून बसू दिलं नाही. त्याच कर्व्यांनी १९३६ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, जिथे सरकारी शाळा पोचली नव्हती अशा खेड्यांत शाळा काढण्यासाठी ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केलं. लहान गावातल्या लहान शाळेची किंमत त्यांना पायांनी कळली होती.

करोनाच्या काळाबद्दल थोडंच लिहिते. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, शिकवणं मोबाईलवर गेलं आणि खाणीवरची मुलं एका दिवसात आमच्या यादीतून नाहीशी झाली. गावातली काही मुलं वर्षभरात जोडाक्षरं विसरली. सड्यावरच्या मुलांपैकी बरीच नंतर परत आलीच नाहीत. ती कुठे आहेत, हे मला अजून माहीत नाही.

या सगळ्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. गरीब घरातल्या मुलाचं नुकसान शाळा नसल्याने होतं त्याहून जास्त ती मध्येमध्ये तुटल्याने होतं. दर वर्षी सहा महिने शिकायचं, सहा महिने विसरायचं आणि पुन्हा त्याच धड्यापासून सुरू करायचं, असं तीनदा झालं की मूल स्वतःच म्हणतं, मला येत नाही. मग ते कामाला लागतं. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे आणि त्याने दुसऱ्या शाळेत प्रवेश सोपा होतो. पण कार्डावर मुलाची इयत्ता कळते, त्याला काय येतं ते कळत नाही. म्हणून आम्ही काही जणींनी मुलासोबत जाणारी एक वही सुरू केली. कुठपर्यंत वाचतो, हातच्याची वजाबाकी येते का, कोणता पाढा अडतो, असं सोप्या वाक्यांत लिहायचं आणि शेवटी शाळेचा फोन नंबर. मे महिन्यात मुलं वही घेऊन जायची. बऱ्याच वह्या हरवल्या. पण एका दिवाळीनंतर एक मुलगा परत आला आणि त्याच्या वहीत आमच्या मजकुराखाली कन्नडमध्ये अर्धं पान लिहिलेलं होतं. खाणीवरच्या एका माणसाने ते वाचून दाखवलं. त्याच्या गावच्या शिक्षकांनी लिहिलं होतं की भागाकार करून घेतला आहे, आता पुढचं तुम्ही घ्या. त्या शिक्षकांना मी कधी भेटले नाही. त्या मुलाने सहावीपर्यंत एकही वर्ष गमावलं नाही. आज तो रत्नागिरीत आहे, माल वाहणारी गाडी स्वतः चालवतो, तिचे हप्ते स्वतः भरतो आणि त्याने धाकट्या बहिणीला बारावीला बसवलं आहे.

यंदा पाऊस लांबला आहे, तरी दिवाळीनंतर खाणी सुरू होतीलच. निवृत्त झालेल्या आम्ही दोघीतिघी पटनोंदणीच्या शिक्षकांबरोबर सड्यावर जातो. कन्नड पहिली-दुसरीची पुस्तकं जमवली आहेत, नेपाळी पुस्तकं मागवली आहेत. अडचण अजून तीच आहे. अंगणवाडी दुपारी बंद होते आणि खाण संध्याकाळी सुटते. मधल्या तासांत बारक्यांना सांभाळायला मानधनावर एक बाई हवी आणि त्या मानधनातला वाटा खाणमालकांनी उचलावा, असं आमचं म्हणणं आहे. ग्रामपंचायतीत अर्ज दिला आहे. दोन मालकांनी होकार दिला आहे, बाकीच्यांशी बोलणं चालू आहे.